घरच्या घरी शाळा: नवशिक्यांसाठी

पाककृतीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, कृती आधी शेवटपर्यंत वाचून घ्यावी. आम्ही मुलांची शाळा सोडवली तेव्हा वाचायला अशी कृतीच नव्हती, आणि असती तरी आम्ही ती अर्धी वाचून फोडणी दिली असती. तुमचं तसं होऊ नये म्हणून हा खटाटोप.

साहित्य असं. शाळेत जायच्या वयाची दोन मुलं. एकावरही भागतं, पण मग त्याच्याशी भांडायला तुम्हालाच बसावं लागतं. एक पांढरा फळा. त्यावर पहिल्याच आठवड्यात कुणीतरी न पुसल्या जाणाऱ्या पेनाने लिहितं, त्याला इलाज नाही. पृथ्वीचा एक गोल. घरून काम करणारा एक नवरा, जो दर अर्ध्या तासाने आतल्या खोलीतून बाहेर येऊन मुलांचा धडा 'जरा सुधारून' जातो. आणि एक आजी. आजी शक्यतो निवृत्त शिक्षिका नसावी. आमच्याकडच्या, म्हणजे माझ्या सासूबाई, आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३४ वर्षं नोकरी, त्यातली बरीचशी एका खोलीत चार इयत्ता सांभाळत. मुलांना घरीच शिकवायचं ठरवलंय हे आम्ही त्यांना घाबरत घाबरत सांगितलं, तेव्हा "का?" असं त्यांनी विचारलंच नाही. "हजेरी कोण घेणार?" एवढंच विचारलं.

आम्ही हसलो. त्या हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी अप्पा बळवंत चौकात जाऊन त्यांनी एक हजेरीपट आणला, लांबडा, निळ्या पुठ्ठ्याचा, आणि आपल्या कपाटात साड्यांखाली ठेवून दिला.

पायरी पहिली: दाखला काढणे

मूल शाळेत घालताना रांग असते, काढताना नसते. पण काढताना एक रकाना असतो: 'शाळा सोडण्याचे कारण'. कचेरीतल्या क्लार्कनी पेन उघडून विचारलं, "बदली झाली का?"

"नाही."

"घर लांब घेतलं?"

"नाही हो, तिथेच आहे. समोरच्या गल्लीत."

त्यांनी आवाज खाली घेतला. "फीचं काही?"

"नाही, नाही."

"मग शाळेबद्दल तक्रार?"

"शाळा चांगली आहे तुमची."

यावर त्यांनी पेनाला टोपण लावलं. चांगल्या शाळेतून, तिच्या समोरच्या गल्लीत राहणारी, फी भरू शकणारी माणसं आपली दोन मुलं का काढून नेतात, याला त्यांच्या रकान्यात जागा नव्हती. मी बराच वेळ मुलांचं कुतूहल, निसर्ग, आनंददायी शिक्षण वगैरे बोलले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि 'पालकांच्या विनंतीवरून' असं लिहिलं. वर्तणूक: चांगली. अभ्यासातील प्रगती: समाधानकारक. हे शेरे मुलांबद्दल असतात, हे माहीत असूनही मला उगाच बरं वाटलं.

कायद्याचं एकदाच सांगून टाकते, कारण प्रत्येक लग्नात कोणीतरी काका हे विचारतातच. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीचं शिक्षण, असं तो म्हणतो. मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य, असंही म्हणतो. ते कर्तव्य न पाळणाऱ्या पालकांना शिक्षा काय, हे मात्र म्हणत नाही. या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत आम्ही राहतो. जागा अडचणीची आहे, पण हवेशीर. पुढे दहावीसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालय, म्हणजे सगळे म्हणतात ते 'एनआयओएस', १९८९ पासून आहेच. तिथे वयाची १४ वर्षं पूर्ण असली की बसता येतं आणि पास व्हायला पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्मही आहे. काकांना 'नऊ संधी' हा शब्द सांगू नये. ते लगेच आपल्या जावयाची सीएची कथा काढतात.

पायरी दुसरी: पहिला धडा

पहिला धडा उत्तम जमतो. हा सापळा आहे.

आमचा दाखला मेच्या पहिल्या आठवड्यात हातात आला आणि आठच दिवसांत पुण्यातली सावली नाहीशी व्हायची होती. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या मध्ये असलेल्या प्रत्येक गावावर सूर्य वर्षातून दोनदा बरोब्बर डोक्यावर येतो, वर जाताना एकदा आणि परतताना एकदा. पुण्यात पहिली वेळ १३-१४ मेच्या सुमारास, दुसरी जुलैच्या अखेरीला. जुलैतली ढगांच्या वर होते, तिचा आपल्याला उपयोग नाही. वेळसुद्धा बाराची नसते. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलेलं, पुणं त्याच्या बरंच पश्चिमेला, त्यामुळे सूर्य इथे माथ्यावर यायला साडेबारा होतात.

गच्चीवर आम्ही पोह्यांचा उभट डबा ठेवला, झाडूचा दांडा उभा केला, एक पांढरा चार्ट पेपर अंथरला. नवऱ्याने बैठक पुढे ढकलली होती. आजी डोक्याला पदर गुंडाळून पाण्याच्या टाकीपाशी स्टुलावर बसल्या होत्या, मांडीवर काहीतरी निळं. थोरली अकरा वर्षांची, तिने तीन मिनिटं दांड्याकडे बघितलं आणि ती आजीच्या सावलीत जाऊन बसली. अर्थात सावली उरलीच नव्हती. धाकटा सात वर्षांचा. टाकीवरच्या कावळ्याची सावली कुठे गेली, हा त्याचा प्रश्न होता आणि तो कावळ्याला विचारत होता.

डब्याची सावली हळूहळू आत सरकली आणि डब्याखाली गेली. भरदुपारी, रणरणत्या उन्हात डबा नुसता उभा. कागदावर काही नाही. मी मोबाइल काढून फोटो घ्यायला लागले. कोन चुकला, परत घेतला. तेवढ्यात खालचे वॉचमनकाका काठी घेऊन वर आले; गच्चीवर एवढी माणसं कशाला म्हणून बघायला. नवऱ्याने त्यांना समजावलं. त्यांनी आपली काठी उभी धरली, बुडाशी बघितलं, मग काठी जरा कलती केली, पुन्हा सरळ केली.

"हमारे गाँव में कब होता है ये?"

नवरा पृथ्वीचा कललेला अक्ष सांगायला लागला. धाकटा तोवर जिन्याने खाली जाऊन गोल घेऊन आला होता. काकांचं गाव बिहारमध्ये. त्याने कर्कवृत्ताच्या तुटक रेघेवर बोट ठेवलं, वर सरकवलं आणि म्हणाला, "काका, तुमच्याकडे होतच नाही. कधीच."

काका जरा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी बिनसावलीच्या काठीचा फोटो काढला आणि गावी पाठवला. "कोई मानेगा नहीं," म्हणाले, आणि खूश होऊन खाली गेले.

त्या रात्री मला वाटलं, शिक्षण म्हणजे हेच. रोज असं एक करायचं, वर्षात ३६५. नवशिक्यांनी इथे सावध व्हावं. असा धडा वर्षातून दोनदा येतो, आणि त्यातला एक ढगात जातो.

पायरी तिसरी: वेळापत्रक

करावं, लॅमिनेट करावं, फ्रिजवर लावावं. आमचं नऊ दिवस टिकलं. रोज एकेक तास गळत गेला आणि दहाव्या दिवशी त्यातली फक्त मधली सुट्टी उरली. शाळेतल्या सहा तासांचा अभ्यास घरी दीड तासात उरकतो हे खरं आहे, सगळे सांगतात. उरलेल्या साडेचार तासांचं काय करायचं हे मात्र कोणी सांगत नाही. मीही सांगणार नाही. एकटीनेच का भोगायचं?

पायरी चौथी: बाहेर नेणे

बाहेरचं जग हीच शाळा, हे वाक्य पाठ करा. रिक्षात उपयोगी पडतं.

मंडईपासून सुरुवात करावी. महात्मा फुले मंडईची इमारत १८८६ सालची, तिच्या खांबांवर आणि छपरावर तासभर बोलता येईल असं टिपण मी करून नेलं होतं. मुलं पेरूपाशी थांबली. मग ठरलं, व्यवहारी गणित. कांदे २८ रुपये किलो, साडेतीन किलो हवेत, किती? थोरलीने हवेत बोट फिरवायला घेतलं, मी मोबाइलमधलं कॅल्क्युलेटर शोधायला लागले, आणि भाजीवाल्या मावशी आणि आमच्या आजी एकाच क्षणी म्हणाल्या, "अठ्ठ्याण्णव."

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. ओळख पटल्यासारखं हसल्या. मावशी म्हणाल्या, "औटकी?" आजी म्हणाल्या, "औटकी." पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, ही सगळी वरात पाटीवर घोटून पाठ करायची एक पिढी होती. मावशींना त्यांच्या वडिलांनी शिकवली होती, याच गाळ्यावर. शाळेत कधी गेल्या नव्हत्या. तिथे उभ्या उभ्या मला कळलं की चांगली, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली घरशाळा ही आहे; आम्ही आपले काल दुकान टाकलेले. आजींनी पिशवीतून निळी वही काढली, माझ्याकडे एक नजर टाकली, आणि पेन्सिलीने काहीतरी टिपलं. मुलांची प्रगती लिहीत असतील, म्हणून मी कौतुकाने पाहिलं.

पर्वतीला जाताना पायऱ्या मोजायला सांगू नये. त्या १०३ आहेत असं सगळं पुणं म्हणतं. धाकट्याच्या १११ भरल्या, थोरलीच्या ९८, नवऱ्याच्या १०३, कारण त्याने आधीच वाचलं होतं. पहिली पायरी कुठून धरायची आणि मधली सपाट फरसबंदी पायरी म्हणायची की नाही, यावर वर पोचेपर्यंत भांडण झालं आणि नानासाहेब पेशव्यांनी बांधलेलं देऊळ राहिलं बाजूला. खाली उतरताना पुन्हा मोजलं. आकडे आणखी वेगळे आले.

राजा दिनकर केळकर संग्रहालय मात्र चुकवू नये. दिनकर केळकरांनी अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने आयुष्यभराचा संग्रह उभा केला आणि १९७५ मध्ये तो राज्य सरकारला देऊन टाकला. २० हजारांवर वस्तू आहेत. कोथरूडहून हलवून आणलेला मस्तानीचा महाल आहे. मी मुलांसाठी एक कागद तयार केला होता, 'शोधा पाहू' असा, दहा वस्तूंचा. धाकट्याने अडकित्ते बघितले. फक्त अडकित्ते. मोराचा, घोड्याचा, जोडप्याचा. पन्नास मिनिटं. शेवटी मी म्हटलं, "अरे, वर तीन मजले आहेत." तो म्हणाला, "मग तू जाऊन ये ना." मी जाऊन आले. दहाच्या दहा वस्तू मी शोधल्या. घरी आल्यावर तो दोन चमचे आणि एका सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या तुकड्यानं अडकित्ता करत बसला. आयुकातल्या विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी काड्यापेटीच्या काड्या आणि असल्याच रबरी नळ्या जोडून किती काय करून दाखवलं, ते त्याने कुठेतरी पाहिलं होतं. सुपारी काही फुटली नाही. चमचा वाकला.

पायरी पाचवी: वारी, आणि एक प्रश्न

आषाढाच्या आधी पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात. मुलांना घेऊन राजगिऱ्याचे लाडू वाटायला जावं, असं प्रत्येक घरशाळेच्या यादीत असतं. समाजदर्शन या सदराखाली. आम्ही भवानी पेठेच्या तोंडाशी उभे होतो. साठीच्या पुढच्या एक बाई, डोक्यावर तुळशीवृंदावन, थांबल्या. लाडू घेतला आणि धाकट्याला विचारलं, "साळंला सुट्टी हाय व्हय?"

"आम्ही शाळेत जातच नाही," धाकटा ऐटीत म्हणाला.

"का रं बाबा?"

"आईबाबांनी सोडवली."

बाईंनी माझ्याकडे वर-खाली बघितलं, मनगटावरच्या घड्याळापासून बुटांपर्यंत. "माझी बी आईबापांनीच सोडवली," त्या म्हणाल्या. "दुसरीत. धाकली भावंडं बघाया." मग लाडवाचे दोन तुकडे करून एक धाकट्याच्या हातावर ठेवला आणि दिंडी पुढे गेली तशा पुढे गेल्या.

नवशिक्यांनी या प्रसंगासाठी उत्तर तयार ठेवावं. माझ्याकडे अजून नाही. तिथून वीस मिनिटांच्या अंतरावर बुधवार पेठेत भिडेवाड्याची जागा, जिथे १८४८ मध्ये फुले दांपत्याने मुलींची शाळा काढली आणि सावित्रीबाईंनी त्यासाठी अंगावर शेण झेललं. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापांना महिना एक रुपया दंड लावला. आजींनी हे घरी परतताना रिक्षात सांगितलं, कुणालाही उद्देशून नाही. थोरलीने बोटांवर मोजलं आणि म्हणाली, "म्हणजे आपले दोन महिन्यांचे चार रुपये झाले." नवऱ्याने रिक्षावाल्याला सुटे दिले आणि कुणी काही बोललं नाही.

पायरी सहावी: समविचारी मंडळी

एकट्याने करू नका, गट शोधा. आमच्या गटात सात घरं आहेत आणि आठ मतं. एकांचं सगळं माँटेसरी, एकांचं वॉल्डॉर्फ, एकांचं 'काहीच शिकवायचं नाही, मूल आपोआप शिकतं'. त्यांचा मुलगा आपोआप तबला शिकला, हे मान्य केलं पाहिजे. आजी एकदा मीटिंगला आल्या, दीड तास ऐकलं आणि म्हणाल्या, "ताराबाई मोडकांनी कोसबाडला गुरं राखणाऱ्या पोरांच्या मागे रानात शाळा नेली होती. कुरणशाळा म्हणायचे तिला. तुम्ही पोरांच्या मागे चाललात की पुढे?" पुढच्या मीटिंगला त्यांना कोणी बोलावलं नाही.

हस्त नक्षत्र लागलं तेव्हा गटाने हादगा करायचं ठरवलं. पाटावर हत्ती काढला, फेर धरले, मुलींइतकेच मुलगे नाचले, हे सगळं झकास. घोळ झाला खिरापतीत. झाकलेली खिरापत ओळखायची हा हादग्याचा खरा खेळ; गोड का, तिखट का, आंबट का, असं विचारत जायचं. पण एका घरात साखर बंद, एकाकडे मैदा बंद, एकाकडे दूध, एकाकडे शेंगदाण्याची ॲलर्जी. तेव्हा मुलं विचारायला लागली, "गूळ आहे?" "नाही." "मैदा?" "नाही." "तूप?" "नाही." "दाणे?" "नाही." शेवटी थोरली कंटाळून म्हणाली, "काकडी."

बरोबर होतं.

पायरी सातवी: किल्ला

दिवाळीच्या किल्ल्यात वडिलांना घेऊ नये. हे मी ठळक लिहिलं असतं, पण ठळक लिहिलेलं वडील वाचत नाहीत.

आमच्याकडे दरवर्षी पार्किंगच्या कोपऱ्यात मुलं किल्ला करतात: विटा, पोतं, वर लाल मातीचा चिखल, त्यावर अळीव पेरायचे. तीन-चार दिवसांत हिरवं रान उगवतं. त्यात कुंभारवाड्यातून आणलेले मावळे, शिवाजी महाराज, शेजारी बंदूकधारी जवान आणि बुरुजापेक्षा मोठा वाघ. पण आता ही घरशाळा होती. शिवाय मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याला २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जागा मिळाली, त्या बारा किल्ल्यांत राजगड आहे. तेव्हा नवऱ्याने ठरवलं, राजगड, आणि तोही प्रमाणात. समोच्च रेषांचा नकाशा छापून आणला, थर्माकोल कापला. पद्मावती माची जमली, संजीवनी जमली, सुवेळा पार्किंगच्या खांबात घुसायला लागली. तिसऱ्या रात्री अकरा वाजता मी खाली गेले तर हे एकटेच, गुडघ्यावर, मोजपट्टी दातांत धरलेली. मुलं कुठे? मुलं दुसऱ्या कोपऱ्यात, तबलावाल्या मित्राला घेऊन, स्वतःचा किल्ला करत होती. त्याला पोहण्याचा तलाव होता. हेलिपॅड होतं. वाघ होता.

लक्ष्मीपूजनाला मुलांच्या किल्ल्यावर अळीव तरारून आले. राजगडावर काही उगवेना. चिखल टिकावा म्हणून नवऱ्याने त्यात पांढरं सिमेंट मिसळलं होतं. आजी दोन्ही किल्ले बघून आल्या. कपाटाचं दार वाजलं.

पायरी आठवी: संक्रांत, किंवा जे आपण शिकवलेलं नसतं

संक्रांतीला तिळगूळ वळत बसलो होतो. पाक पुढे गेला होता, चटके बसत होते. नवऱ्याने सूत्रं हाती घेतली. उत्तरायण खरं तर २१-२२ डिसेंबरलाच सुरू होतं. संक्रांत म्हणजे सूर्याचा मकर राशीत प्रवेश, आणि आपलं पंचांग तारे धरून चालतं म्हणून ती तारीख साधारण ७२ वर्षांना एक दिवस पुढे सरकते. विवेकानंद जन्मले तो १८६३ मधला १२ जानेवारीचा दिवस संक्रांतीचा होता. मुलं ऐकत नव्हती. ऐकत नाहीत हे दिसूनही बोलत राहणं याला घरशाळेत सातत्य म्हणतात.

आजी म्हणाल्या, "आणि पानिपत. १४ जानेवारी १७६१. संक्रांतीलाच संक्रांत कोसळली."

थोरलीने चिकट हात फ्रॉकला पुसले. लाडू वळण्यातून सुटायला तिला काहीही चाललं असतं, हे नमूद केलं पाहिजे. तिने फळ्यावर वजाबाकी केली, २६० च्या वर वर्षं आली, ७२ ने भागलं. साडेतीनच्या वर दिवस. १४ मधून ते मागे घेतले. "आजी, तेव्हा संक्रांत दहा-अकरा तारखेला असणार. म्हणजे पानिपत संक्रांतीला झालंच नाही."

नवऱ्याने तोंड उघडलं आणि मिटलं. हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. आजी उठल्या, फळ्याजवळ गेल्या, चष्मा वर करून भागाकार दोनदा तपासला. ३४ वर्षं त्यांनी वर्गात संक्रांतीलाच पानिपत सांगितलं होतं.

"म्हणजे किती वर्गांना चुकीचं सांगितलं मी?" त्या स्वतःशीच म्हणाल्या.

"चौतीस," थोरली म्हणाली. मग विचार करून, "एका खोलीत चार इयत्ता होत्या ना? मग चारने गुणायचं."

आजी इतक्या मोठ्याने हसल्या की धाकट्याच्या हातातला लाडू पडला.

पायरी शेवटची: निकाल

१ मे. आमच्या लहानपणी याच दिवशी झेंडावंदन करून निकाल मिळायचा. सकाळी आजींनी इस्त्रीची पांढरी साडी नेसली, हॉलमधली खुर्ची फळ्यासमोर ओढली आणि निळा हजेरीपट मांडीवर घेतला. वर्षभर ज्याची धास्ती होती तो क्षण. मी मुलांना केस विंचरायला लावले, रांगेत उभं केलं.

आजींनी चष्मा लावला आणि पूर्ण नाव घेतलं. माझं.

"हजर," असं माझ्या तोंडून निघून गेलं.

दुसरं नाव नवऱ्याचं. तिसरं नव्हतंच. पट माझ्या हातात आला तेव्हा बारा महिन्यांच्या रकान्यांत दोनच ओळी होत्या. माझ्या ओळीत सावलीच्या दिवशी लाल शाईत 'गै.' होतं, समासात बारीक अक्षरात, 'गच्चीवर होती, मोबाइलमध्ये'. मंडईच्या दिवशी अर्धा दिवस. संग्रहालयाच्या दिवशी पूर्ण हजर, 'स्वतः शोधलं'. वारीच्या दिवशीही हजर, आणि समासात काहीच नाही. नवऱ्याचे ऑक्टोबरमधले सलग सहा दिवस हजर होते.

मग दोन प्रगतिपुस्तकं. नवऱ्याचं: हस्तव्यवसाय, उत्तम; सहकार्य, इतरांच्या कामात हात घालतो; भूगोल, चांगला, पण समोरच्याला आला की नाही ते बघत नाही. माझं: वाचन, चांगले; अंकगणित, औटकी पाठ करणे; शेरा, 'हुशार आहे. वर्गात फार बोलते.' दोघांच्याही खाली वर्गोन्नत.

"आणि आमचा निकाल?" धाकट्याने विचारलं.

"तुमची नावं कुठेत पटावर?" आजी म्हणाल्या. "तुमचा दाखला काढलाय ना आईबाबांनी?" आणि पेन थोरलीकडे दिलं.

प्रगतिपुस्तकात खाली एक रेघ असते, पालकांच्या सहीसाठी. थोरलीने दोन्ही पुस्तकं पहिल्या पानापासून वाचली, सहकार्यापाशी थांबून बाबाकडे एकदा बघितलं, आणि सही केली. धाकट्याला जोडाक्षर येत नव्हतं. त्याने अडकित्ता काढला.